मूळ वर, पाने खाली

सांगलीहून तासगावच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक अभियांत्रिकी महाविद्यालय लागतं. १९९५ साली तिथे संगणक विभाग होता. तसं माहितीपत्रकात छापलेलंच होतं, आणि छापून बसल्यामुळे मग विभागाला एक प्रमुखही नेमावा लागला. प्रा. जिनेंद्र खोत हे ते प्रमुख. त्यांच्या हाताखाली कुणीच नव्हतं, त्यामुळे प्रमुखपणाचा त्रास असा काही नव्हता.

विभाग भरायचा पत्र्याच्या एका लांबट खोलीत. पूर्वी ते सोसायटीचं खताचं गोदाम होतं आणि उन्हाळ्यात अजूनही तिथे युरियाचा वास सुटायचा. खोलीत चार संगणक होते. त्यांना धूळ सोसत नाही म्हणून सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या, ऊन सोसत नाही म्हणून खिडक्यांना जाड पडदे, आणि दृष्टही सोसत नसावी, कारण प्राचार्यांच्या पत्नींनी स्वतः भरलेले मोरांचे रुमाल त्यांच्यावर झाकलेले असत. एका दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा कुणीतरी भक्तिभावाने फ्लॉपीच्या फटीत हळद-कुंकू आणि अक्षता वाहिल्या. तेव्हापासून चालते संगणक तीन उरले. चौथ्याला दर दसऱ्याला पहिला हार मिळू लागला.

अशा ठिकाणी खोतसरांना संशोधन करायचं होतं. हा हट्ट त्यांच्या बायकोने, गुणमालावहिनींनी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखला होता. "माणसं प्लॉट घेतात, द्राक्षबाग लावतात," त्या म्हणत, "तुम्ही निदान शिकवण्या तरी घ्या." खोतसर मान डोलवायचे आणि पुन्हा गोदामात जाऊन बसायचे.

संशोधनाचा विषय त्यांना मिळाला तो प्रियदर्शनी सरतापेमुळे. ही म्हसवडची मुलगी त्यांची विद्यार्थिनी, नुकतीच पहिल्या वर्गात पास झालेली. तिचे वडील फौजेतून रिटायर झाले होते. फौजेच्या कागदात ते ग्यानू, बँकेत ज्ञानोबा आणि गावच्या दप्तरात ज्ञानू.

"सर, माझे वडील घरात एकच आहेत," ती म्हणाली होती. "कागदावर तिघं हायत. दोघांचं पेन्शन अडकलंय आणि तिसऱ्याला मयत दाखवलंय. कसंही लिहिलं तरी माणूस एकच, हे मशीनला कळायला नको का?"

खोतसर त्या रात्री झोपले नाहीत. नाव कसंही लिहा, मशीनने माणूस नेमका काढून दिला पाहिजे. त्यासाठी हजारो नावं एका झाडासारखी लावायची. वर मूळ, मुळाला दोन फांद्या, फांदीला पुन्हा दोन, आणि सगळ्यात खाली पानं. शोधणाऱ्याने मुळापासून निघायचं आणि थेट हव्या त्या पानाशी उतरायचं. झाड एका अंगाला कलू लागलं की त्याला तोलून धरायचं, उंच होऊ द्यायचं नाही, म्हणजे शोधणाऱ्याचा वेळ जात नाही. संगणकवाल्यांच्या जगात झाडं अशी उलटीच असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

लागत होतं काय, तर एक बरा संगणक आणि प्रियदर्शनीला दोन वर्षं पोटापुरता पगार. तो नाही मिळाला तर ती पुण्याला जाणार होती. पुण्यात एका कंपनीत अमेरिकेतल्या बँकांच्या तारखा दुरुस्त करायचं काम निघालं होतं. सन दोन हजार उजाडलं की तिकडची यंत्रं गोंधळणार होती आणि तो गोंधळ निस्तरायला म्हसवडची मुलगी चालत होती. म्हसवडचा गोंधळ निस्तरायला पैसे द्यायची मात्र कुणाची तयारी नव्हती.

खोतसरांनी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं, की असलं काम मुंबईला होतं. मुंबईने कळवलं, की ते दिल्लीला होतं. दिल्लीने सविस्तर कळवलं, की सदर काम अमेरिकेत प्रगतिपथावर असून तयार झाल्यावर ते आपल्याकडे येईलच, तरी अर्जदाराने धीर धरावा.

शेवटी ते संस्थेचे अध्यक्ष नानासो यांच्याकडे गेले. नानासोंना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण अनुदानातलं सगळं कळायचं.

"मास्तर, तुमी विंग्रजीत लिवताय, थितंच गाडी अडतीया," नानासो म्हणाले. "यंदा सरकारात मराठीचं वारं हाय. समदं मराठीत लिवा. एक बी विंग्रजी शब्द दिसता कामा न्हाई."

खोतसरांनी दिवाळीची सुट्टी परिभाषा कोशात घालवली. रूटचं मूळ झालं, लीफचं पान झालं, प्रूनिंगची छाटणी झाली. शीर्षक तयार झालं, 'संगणकीय नामशोधार्थ संतुलित वृक्षांची वाढ, छाटणी व निगा'. छापील अर्जात शीर्षकाला एकच ओळ होती. ओळीत मावेना म्हणून टंकलेखकाने सुरुवातीचे दोन शब्द गाळले. त्याने शेवटचे गाळले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

अर्ज मंत्रालयात गेला, वृक्ष बघून योग्य त्या टेबलावर गेला, आणि महिन्याभरात मंजूर होऊन आला. सरकारी पैसा महिन्याभरात येतो म्हणजे कुठेतरी घोटाळा आहे, हे शहाण्या माणसाने ओळखायला हवं. खोतसरांनी आधी प्रियदर्शनीला पेढा दिला आणि मग पत्र वाचलं. पत्र हरितविकास खात्याचं होतं. प्रा. जितेंद्र खोत यांच्या वृक्षलागवड प्रकल्पास तीन वर्षांसाठी मान्यता देण्यात येत होती. रोपे जगण्याचे प्रमाण ऐंशी टक्क्यांहून कमी आल्यास पुढील हप्ता रोखण्यात येणार होता. लागवडीचं ठिकाण अर्जातून जसंच्या तसं उतरलं होतं, 'संगणक कक्ष'. जंगलाच्या तुकड्याला सरकारी भाषेत कक्षच म्हणतात. सांगलीकडे संगणक नावाचा एक असेल, असं खात्याने धरून चाललेलं दिसलं.

"सर, हे जितेंद्र कोण?" प्रियदर्शनीने विचारलं.

"मीच असणार."

"बघा. तुम्ही पण दोघं झालात."

खोतसर पत्र घेऊन नानासोंकडे धावले. म्हणाले, गफलत झाली आहे, पैसे परत करू.

नानासोंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "आल्याला पैसा परत? मास्तर, संस्थेच्या इतिहासात असं कवा घडलं न्हाई. झाडं हायत न्हवं तुमची?"

"आहेत, पण ती खरी झाडं नाहीत हो. मशीनमधली आहेत."

"मग? सरकारची निम्मी झाडं कागदावर असत्यात. तुमची मशीनमधी हायत, म्हंजे एक पाऊल म्होरंच की."

खरं सांगायचं तर खोतसरांना हे पटवून घ्यायचंच होतं. नवा संगणक 'रोपवाटिका साहित्य' म्हणून आला. वातानुकूलन यंत्र 'कोवळ्या रोपांना गारवा' या सदराखाली बसलं. फ्लॉप्यांचे डबे कशात बसवावेत यावर भांडारपालाने दोन दिवस विचार केला आणि 'बियाणे, सुधारित' असं लिहून तो मोकळा झाला. संशोधन सहायकाचं पद हरितविकासात नव्हतं. माळ्याचं होतं. प्रियदर्शनी सरतापे, बी. ई. संगणक, या हंगामी माळी म्हणून रुजू झाल्या.

"घरी काय सांगितलंस?" खोतसरांनी ओशाळून विचारलं.

"सरकारी काम लागलं म्हणून सांगितलं. आई म्हणाली, लय बरं झालं."

पहिले सहा महिने सगळं झकास चाललं. प्रियदर्शनी चपला बाहेर काढून दिवसभर गारव्यात बसायची आणि झाड वाढवायची. एका दुपारी तिने ज्ञानू हे नाव टाकलं, बटण दाबलं, आणि पडद्यावर ग्यानू, ज्ञानू, ज्ञानोबा एकाखाली एक येऊन उभे राहिले. पुढे मशीनने लिहिलं, 'एकच इसम'. ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसली. खोतसरांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला त्यांनी मोराचा रुमाल वापरला. पेन्शनच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी हे बघायला जुलैत येतो म्हणून शब्दही दिला.

मधल्या काळात खात्याला अहवाल मात्र जात होते. खोतसर खोटं लिहू शकत नव्हते, ही त्यांच्यातली मोठीच अडचण. त्यांनी खरं लिहिलं, की झाडाला पंचवीस हजार पाने आली असून उंची वाढू न देण्यात यश आले आहे. खात्याने विचारलं, की शासन उंचीसाठी पैसे देत असता ती रोखण्याचे प्रयोजन काय. त्यांनी लिहिलं, की झाड कलल्यास ते आपोआप फिरून सरळ होते. खात्याने विचारलं, फिरून कोठे जाते. त्यांनी आकृती जोडली. खात्याने विचारलं, आकृतीत मूळ वर व पाने खाली दिसतात, सबब रोपे उपटली गेली आहेत किंवा कसे, याचा तात्काळ खुलासा व्हावा. खोतसरांनी लिहिलं, की आमच्याकडे मुळे वरच असतात. त्यानंतर खात्याचे लागवड अधिकारी दादासो फडतरे जीप घेऊन साताऱ्याहून निघाले.

फडतरेसाहेब भला माणूस. त्यांनी दारात बूट काढले, मोज्यांवर आत आले, गारव्याने सुखावले आणि खुर्चीत बसून पडद्याकडे बघू लागले.

"ह्ये मूळ?" त्यांनी बोट लावलं.

"हो."

"वर?"

"वर."

"आन् ही पानं. म्हंजे झाड उपटून उलटं धरल्यासारखं झालं की वो. बरं, ऱ्हाऊ द्या. खड्डं कुठं हायत?"

"खड्डे नाहीत साहेब. याला खड्डा लागत नाही."

फडतरेसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "सर, पंचवीस वर्सं झाली मला खात्यात. झाड नसल्यालं प्लॉट मी बघितल्यात. खड्डा नसल्याला पयल्यांदाच बघतोय. झाड काय, वाळतं, शेळी खाती, त्याला इलाज न्हाई. खड्डा म्हंजे काम झाल्याचा पुरावा. त्यो पायजेच."

खोतसरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. फौजी ज्ञानूची हकीगतही सांगितली. फडतरेसाहेबांनी मन लावून ऐकलं, मध्ये दोनदा च्च केलं.

"काम लय मोलाचं हाय," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचं बी असंच हाय, सातबाऱ्यावर निराळं, रेशन कार्डावर निराळं. पर मला चार रकानं दिल्यात. खड्डा, रोप, कुंपण, पानी. एकच मानूस कुठल्या रकान्यात लिवू? तुमीच सांगा."

"मग आता?"

"कायतरी लावा. म्हंजे मला लिवता यील आन् तुमचं बी चालंल. पुढला हप्ता आडकायचा न्हाई."

"मागच्या माळावर लावू की, हवी तेवढी," प्रियदर्शनी म्हणाली.

"माळावर कसं? ठिकाण संगनक कक्ष हाय. ठिकाण बदलायचं तर फाइल म्हमईला. ती यायची तुमची सेवा संपल्याव."

तर असं ठरलं. एका हप्त्यासाठी, एका वर्षासाठी, कामाला धक्का लागू नये एवढ्यासाठीच, संगणक कक्षात खड्डे घेण्यात आले. खात्याच्या मापात बसवायचे म्हणून ते दीड दीड फूट झाले. फरशी फुटली. जूनमध्ये नानासोंच्या हस्ते करंजाची रोपं लागली आणि तालुक्यातली प्रतिष्ठित मंडळी चपला बाहेर काढून वृक्षारोपणाला हजर राहिली. प्राचार्यांच्या पत्नींनी रोपांना हळद-कुंकू वाहिलं. या वेळी ते योग्य जागी पडलं.

खतच खत मुरलेली जमीन ती. रोपं अशी तरारली की बघत राहावं. पण गारवा त्यांना मानवेना, पानं गळू लागली, तेव्हा जगण्याचं प्रमाण राखण्यासाठी वातानुकूलन यंत्र बंद झालं. मग उजेड हवा म्हणून पडदे निघाले. मग पाणी घालताना शिंतोडे उडतात म्हणून संगणक व्हरांड्यात गेले. प्रियदर्शनी व्हरांड्यात बसून काम करू लागली, तर प्राचार्यांचा लेखी मेमो आला, की माळ्याने कामाच्या वेळेत संगणकावर खाजगी कामे करू नयेत व झाडांकडे लक्ष द्यावे.

"घालते पाणी," ती खोतसरांना म्हणाली. "जुलैपर्यंत काढते कळ. ते पेन्शनवाले साहेब एकदा बघून जाऊ देत. एकदा त्यांनी बघितलं की मग मी हसत झाडं लावीन, तुम्ही म्हणाल तितकी."

व्हरांड्यातल्या उकाड्यात नवा संगणक कसाबसा आठवडाभर टिकला. एका दुपारी पडदा पांढरा झाला आणि आतून जळाल्याचा वास आला. खोतसर हबकले. प्रियदर्शनी हबकली नाही, कारण ती हुशार होती. सगळं काम तिने फ्लॉप्यांवर उतरवून डबे भांडारात कुलपात ठेवले होते. दुसरं मशीन मागून आणू, त्यावर चढवू आणि साहेबांना दाखवू, असं म्हणत दोघं भांडारात गेली. डबे नव्हते.

भांडारपालाने कागद काढून दाखवला. 'बियाणे, सुधारित. मृगात पेरणीसाठी अदा.' खाली संस्थेचा कायम माळी धुळा याचा अंगठा होता.

धुळा मागच्या माळावर भेटला. त्याने माळ नांगरून घेतला होता आणि सरीच्या कडेला हात टेकून मोठ्या समाधानाने बसला होता.

"पेरलं की," तो म्हणाला. "आवं, बी जरा चपटं हाय, पर वर विंग्रजी लिवल्यालं, म्हंजे कंपनीचं आसणार. आदी वाटलं, आडवं घालावं का उबं. मग उबंच घातलं. काल पानी बी सोडलंय."

खोतसरांनी सरी कुठली ते विचारून घेतलं. प्रियदर्शनी सरीत उतरली आणि हाताने माती उकरू लागली. चिखलाने भरलेली एक फ्लॉपी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. ती ओढणीने पुसत होती आणि रडत होती. दोघांचं काय बिनसलं ते धुळाला कळेना. "ताई, रोज उकरून बगितलं तर उगवायचं कसं?" तो कळवळून म्हणाला.

जुलैत पेन्शनचे साहेब आले. त्यांना दाखवायला झाडांशिवाय काही नव्हतं. त्यांनी खोलीतून एक फेरी मारली, इमारतीच्या आत झाडं ही कल्पना फार नावीन्यपूर्ण आहे म्हणाले, आणि आपल्या ऑफिसातही असं काही करता येईल का, याची चौकशी करून गेले.

खोतसरांनी दुसऱ्या संगणकाची मागणी पाठवली. उत्तर आलं, की रोपवाटिका साहित्य प्रकल्प काळात एकदाच देय असते. फडतरेसाहेबांचा अहवालही त्याच टपालाने आला. रोपे जगण्याचे प्रमाण शंभर टक्के, जिल्ह्यात प्रथम. प्रकल्पास मुदतवाढ आणि श्रीमती सरतापे यांस माळी म्हणून कायम करण्याची शिफारस. संगणकातल्या संशोधनातून त्या भागात निर्माण झालेली ती पहिली कायमची नोकरी.

प्रियदर्शनीने ती घेतली नाही. जायच्या दिवशी ती चपला बाहेर काढून आत आली. आत आता काढायची गरज नव्हती, पण सवय.

"परत लिहिलं असतं मी," ती म्हणाली. "डोक्यात आहे सगळं. मशीन असतं तर सहा महिन्यांत लिहिलं असतं."

"चूक माझी आहे," खोतसर म्हणाले. "मला तेव्हाच पैसे परत करायला हवे होते."

"मग मी तेव्हाच गेले असते. तेवढाच फरक." ती हसली. "वडलांना सांगितलंय, सध्या तिघंच राहा म्हणून. अमेरिकेचं उरकलं की बघते."

खोतसरांना साताऱ्यात पुरस्कार मिळाला. म्हणजे जितेंद्र खोतांना मिळाला. तो घ्यायला जिनेंद्र आणि जितेंद्र ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. त्यासाठी ते कचेरीत दोन दिवस रांगेत उभे होते, आणि दोन्ही दिवस त्यांना त्या पडद्यावरचे दोन शब्द दिसत होते.

पुढे करंज पत्र्याला टेकले. झाड तोडायला परवानगी लागते आणि पत्रा काढायला लागत नाही, म्हणून पत्रा काढला. मग भिंतीही काढल्या. आता तिथे रस्त्यालगत दाट सावली आहे, आणि सावली बघून प्रतिज्ञापत्रं करून देणाऱ्यांनी तिच्याखाली टेबलं मांडली आहेत. तुम्ही गेला आहात तिथे. मागच्याच महिन्यात गेला होता, वीजबिलावर तुमचं नाव चुकलं होतं म्हणून. ऊन कडक होतं आणि रांग लांब. घाम पुसत तुम्ही वर बघितलंत आणि पुढच्या माणसाला म्हणालात, की कुणी लावली असतील हो ही झाडं, पुण्य लागेल त्याला, नाहीतर ते संशोधन-बिंशोधन काय चाटायचंय.

पुढचा माणूस टेबलाकडे सरकला. तो म्हसवडचा एक म्हातारा फौजी होता. त्याच्या हातात तीन अर्ज होते, त्यामुळे तुमचा नंबर यायला जरा वेळ लागला.